पट्टी किती ताणायची?

प्राध्यापक मित्रहो, आणि शेवटची एसटी चुकेल की काय या काळजीने दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा मी विद्यार्थी. ते गणित शिकवायचे. फळ्यावर कुणी नुसता आकडा लिहिला की खडू थांबवायला लावायचे आणि विचारायचे, "पंधरा काय? पंधरा बैल, पंधरा रुपये की पंधरा दिवस?" उत्तर दिल्याशिवाय पुढची पायरी लिहू द्यायचे नाहीत. पुढे मी संख्याशास्त्र शिकलो, याच डहाणू-तलासरी भागातल्या एका महाविद्यालयात ते आयुष्यभर शिकवलं. पण माझ्या विषयाचं बीज गुरुजींच्या त्या प्रश्नात होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आज मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या पेपरबद्दल बोलणार आहे. मुलं ज्याला नुसतं 'स्टॅट' म्हणतात तो पेपर. ज्याची केटी राहिली म्हणून कितीतरी मुलांनी कॉलेज सोडून वापीच्या कंपनीची बस धरली, तो पेपर. स्मृतिव्याख्यानाला हा विषय लहान वाटेल. मला तो लहान वाटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या मुलांना हा पेपर जड जातो, कारण त्यातले आकडे कुणाचेच नसतात. पुस्तकात लिहिलेलं असतं: 'खालील सारणीत एका कारखान्यातील पन्नास कामगारांचे वेतन दिले आहे, मध्य काढा.' कुठला कारखाना? कुठले कामगार? गुरुजी असते तर म्हणाले असते, "पन्नास काय?" ज्या तालुक्यांची मोजदाद आजवर बाहेरच्यांनी येऊन केली, त्या तालुक्यांत हा पेपर इथल्याच आकड्यांवर शिकवला गेला पाहिजे. एवढंच मला म्हणायचं आहे. बाकीचा वेळ ते कसं, हे सांगण्यात जाईल.

एका मुलीची गोष्ट सांगतो. एफवायचा वर्ग, दुपारची वेळ. मी प्रमाण विचलन शिकवत होतो. सूत्र फळ्यावर लिहून झालं होतं, पोरं वहीत उतरवत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई अंगणवाडी सेविका. ती म्हणाली, "सर, आई पोरांच्या दंडाला पट्टी लावते ना, ती किती ताणायची?"

वर्गात हसू पिकलं. मी मात्र गप्प झालो.

ती पट्टी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कागदासारखी पातळ, तीन रंगांची. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आकडा आला तर लाल. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. त्याच्या पुढे हिरवा. लाल म्हणजे अतितीव्र कुपोषित, सेविकांच्या भाषेत 'सॅम'चं बाळ. पिवळं म्हणजे 'मॅम'. सॅमच्या बाळाची डॉक्टरकडून तपासणी होते, त्याच्या जादा आहाराची सोय पाहावी लागते. आता डोळ्यांसमोर आणा. मूल आईच्या कडेवर, रडतंय, हात ओढून घेतंय. सेविकेचा एक हात पट्टीवर, दुसऱ्या हातात पेन. पट्टी जरा सैल राहिली तर आकडा अकरा पूर्णांक सात. जरा आवळली तर अकरा पूर्णांक चार. तीन मिलिमीटर. तेवढ्यात मूल पिवळ्यातून लाल होतं, किंवा लालमधून पिवळं होऊन यादीतून निसटतं. त्या मुलीने विचारलेला प्रश्न हसण्याचा होता का? संख्याशास्त्रात मापनातली चूक म्हणून जो धडा असतो, तो अख्खा धडा तिने एका वाक्यात विचारला होता.

दुसऱ्या दिवशी मी शिवणाची टेप घेऊन वर्गात गेलो. एका मुलाला समोर उभं केलं, हात सैल सोडायला सांगितला. प्रत्येकाने येऊन त्याचा दंड मोजायचा आणि आकडा कुणालाही न दाखवता चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या गोळा केल्या, आकडे फळ्यावर मांडले. दंड एकच, पण आकडे किती तरी. मधे दाटी, कडेला विरळ. एका चिठ्ठीवरचा आकडा तर सगळ्यांपासून लांब एकटाच पडलेला, कारण त्या मुलाने शर्टाच्या बाहीवरून मोजलं होतं. मग मी विचारलं, ही दाटी किती रुंद आहे ते एका आकड्यात कसं सांगाल? तेव्हा पोरं स्वतःच म्हणाली, "सर, कालचं ते सूत्र." ज्या सूत्राकडे काल कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आज त्यांना हवं होतं.

आणि पट्टीचं उत्तर? पट्टी कातडीला लागली पाहिजे, रुतता कामा नये. दोनदा मोजायचं. दोन्ही आकडे लिहायचे. त्या मुलीने हे घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "हे मला ठाऊक आहे. पण दोन्ही आकडे लिहायला वहीत रकाना कुठे आहे?" हा रकाना माझ्या मनातून आजही जात नाही.

इथे थोडं थांबून आपल्याच मातीतली एक गोष्ट आठवू या. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द गावोगाव पोचला. पण त्याची मुळं कुठे आहेत? याच डहाणू तालुक्यात. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. १९५७ साली त्यांचं काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. मूल गुरं राखायला रानात जात असेल तर शाळा कुरणात न्यायची. आणि विकत आणलेल्या साहित्यावाचून, पानं, बिया, खडे, शिंपले, जे हाताशी असेल त्यावर शिकवायचं. तीन-चार वर्षांच्या वारली पोराला मोजणी शिकवायची तर चिंचोक्यांवर, हे त्यांनी दाखवून दिलं. मग मला सांगा, तेच पोर अठरा वर्षांचं होऊन कॉलेजात आलं की आपण त्याच्या हातातले चिंचोके का काढून घेतो?

आता भाषेबद्दल थोडं. आपली बहुतेक मुलं दहावीला मराठीतून मध्य, मध्यक, बहुलक शिकून येतात. आश्रमशाळेतल्या मुलालाही हे तीन शब्द पाठ असतात. कॉलेजात आल्यावर समोर येतात मीन, मीडियन, मोड. ही तीच तीन माणसं आहेत, फक्त कपडे बदलून आली आहेत, हे त्याला कुणी सांगत नाही. घरी वारली बोली, शाळेत पुस्तकी मराठी, कॉलेजात इंग्रजी. एकाच गोष्टीची तीनदा नव्याने ओळख करून घ्यायची. मी पुढेपुढे पहिला तास फक्त ओळखी करून देण्यात घालवायचो. फळ्याच्या एका बाजूला दहावीचा शब्द, दुसऱ्या बाजूला एफवायचा. मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. एवढं तर कुठलाही प्राध्यापक करू शकतो, त्याला ना परवानगी लागते, ना अनुदान.

आता मोठ्या मुद्द्याकडे येतो. सरासरी आणि पसारा.

सरासरी सगळ्यांना कळते. पसारा कळत नाही. डहाणूत पाऊस धो धो पडतो, त्याची सरासरी सांगितली तर विदर्भातल्या माणसाला हेवा वाटेल. पण एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणाऱ्या बाईला त्या सरासरीचा काय उपयोग? वर्षाचं पाणी चार महिन्यांत पडून समुद्राला मिळतं. सरासरी खोटी नाही. ती अर्धीच गोष्ट सांगते, एवढंच.

या अर्ध्या गोष्टीवरून महाराष्ट्रात एक फार मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंना मराठी माणसं, दोघेही आकड्यांचे धनी. एका बाजूला पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर. त्यांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ज्या घराला परवडत नाही ते गरीब, अशी रेघ त्यांनी ओढली. त्या रेघेखाली १९६०-६१ साली खेड्यातले चाळीस टक्के आणि शहरातले पन्नास टक्के लोक होते, असा त्यांचा हिशोब. दुसऱ्या बाजूला पां. वा. सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेला हा माणूस, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचा प्रमुख झाला आणि पुढे पुण्याला येऊन राहिला. सुखात्मे म्हणाले, माणसाची गरज रोज सारखी नसते. माणसामाणसांत फरक असतो, आणि एकाच माणसातही आजच्या आणि उद्याच्या गरजेत फरक असतो. शरीर काही मर्यादेपर्यंत स्वतःला सावरून घेतं. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी म्हणू नका. सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करा, आणि त्याच्याही खाली असेल त्यालाच कुपोषित म्हणा.

पाहा, एफवायच्या पेपरातलं सूत्र! सरासरी वजा दोन प्रमाण विचलनं. रेघ इथे ओढायची की तिथे, यावर कोट्यवधी माणसं भुकेली ठरणार की धडधाकट, हे अवलंबून होतं. हा वाद विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात चांगलाच पेटला, जगभरचे अभ्यासक त्यात उतरले. आपल्या मुलांना प्रमाण विचलन शिकवताना हा वाद आपण का सांगत नाही? सूत्राखाली कुणाचं तरी ताट असतं, हे त्यांना कळायला नको का?

माझं मत विचाराल तर मी दांडेकरांच्या बाजूचा आहे. ज्या पाड्यावर सगळेच कमी खातात, तिथे रेघ खाली आणली की भूक कागदावरून पुसली जाते आणि पोटात तशीच राहते. पण सुखात्म्यांची एक गोष्ट मी मान्य करतो. ते सांगत राहिले की नुसत्या कॅलरी मोजून भागणार नाही, पाणी स्वच्छ पाहिजे, जुलाब थांबले पाहिजेत, नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही. आपल्या पाड्यांवर पावसाळ्यात काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला हे पटेल.

आता तेच सूत्र घेऊन पुन्हा अंगणवाडीत चला. सेविकेच्या हाती जो वाढीचा तक्ता आहे, तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या मानकांवर उभा आहे. सहा देशांतल्या, पोटभर खाणाऱ्या, निरोगी घरांतल्या मुलांवरून ती मानकं काढली. त्या सहांत भारतही होता, दिल्लीची मुलं होती. म्हणजे 'आमची मुलं मुळातच बारीक' ही पळवाट उरत नाही. त्या मानकात सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या खाली किती मुलं असतात? शंभरात दोन किंवा तीन. निरोगी शंभरांतही दोन-तीन मुलं तिथे असतातच. मग एखाद्या पाड्यावर शंभरातली वीस मुलं त्या रेघेखाली निघाली तर त्याचा अर्थ काय? वीस मुलं आजारी आहेत आणि ऐंशी बरी आहेत, असा? वर्गात हा प्रश्न विचारला की पहिल्यांदा सगळे हो म्हणतात. मग मी फळ्यावर घंटेसारखा वक्र काढतो आणि तो अख्खाच्या अख्खा डावीकडे सरकवतो. रेघेखाली वीस यायची तर वक्र पूर्ण सरकावा लागतो. हिरव्यातलं पोरसुद्धा जिथे असायला हवं होतं तिथे नाही. लाल पट्टीच्या मुलाला जादा खाऊ द्यायलाच हवा, पण दुखणं सगळ्या पाड्याचं आहे. हे एकदा दिसलं की ग्रामसभेत काय मागायचं ते बदलतं. पालघर जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात कुपोषणामुळे येतं, आणि त्या बातम्यांत फक्त लाल मुलांची संख्या असते. वक्र सरकला आहे, हे कोण सांगणार? ज्याने स्टॅटचा पहिला पेपर नीट दिला आहे, तोच ना?

आतापर्यंत दोन गोष्टी झाल्या: मोजताना होणारी चूक, आणि सरासरीच्या भोवतीचा पसारा. आता योगायोग. यावर थोडक्यात बोलतो, कारण ते तुम्ही स्वतः भोगलं आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत जमीन हलू लागली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपले. शाळा झाडाखाली भरल्या. वर्गात मला रोज एकच प्रश्न: "सर, मोठा कधी येणार?" त्यावर दोन उत्तरं गावात फिरत होती. कुणी म्हणे, बरेच दिवस शांत गेले, म्हणजे आता मोठा येणार. कुणी म्हणे, लहान लहान इतके झाले की जोर निघून गेला, आता भीती नाही. दोन्ही चूक. आम्ही वर्तमानपत्रांतून धक्क्यांची यादी केली आणि तीव्रतेप्रमाणे खांब उभे केले. लहान धक्के ढीगभर, मोठे मोजके. जगात सगळीकडे असंच असतं: तीव्रता एकाने वाढली की धक्क्यांची संख्या साधारण दहाव्या हिश्शावर येते. पण ऊर्जा वाढते सुमारे बत्तीस पट. म्हणजे चार तीव्रतेच्या एका धक्क्यातली ऊर्जा बाहेर पडायला दोन तीव्रतेचे सुमारे हजार धक्के लागतील. लहान धक्क्यांनी जोर निघून जातो या म्हणण्यात किती दम आहे, ते पोरांनी स्वतः भागाकार करून पाहिलं. तारीख कुणालाच सांगता येत नाही, हेही त्यांनी स्वीकारलं. मग चर्चा तारखेवरून घरांकडे वळली: कुणाची भिंत मातीत रचलेल्या दगडविटांची, कुणाची कारवीच्या कुडाची, झोपायचं कुठल्या भिंतीपासून लांब. मला वाटतं, संभाव्यता शिकून माणसाने एवढं जरी केलं तरी पुष्कळ.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. नमुना.

घोलवड-बोर्डीच्या वाडीतून मी एकदा पाटीभर चिकू आणले. कालीपत्ती, झाडावरून उतरवलेले, प्रतवारी न केलेले, लहानमोठे सगळे मिसळलेले. टेबलावर पसरले. प्रत्येकाला सांगितलं, नुसतं डोळ्यांनी पाहून सगळ्या चिकूंचं प्रतिनिधित्व करतील असे पाच उचला, त्यांचं वजन करून सरासरी काढा. मग त्याच चिकूंना क्रमांक दिले, चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठीत येतील ते पाच घेतले. शेवटी सगळ्या चिकूंचं वजन करून खरी सरासरी काढली. डोळ्यांनी निवडलेल्यांची सरासरी जवळजवळ प्रत्येकाची जास्त आली. चिठ्ठीवाल्यांची कधी वर, कधी खाली, पण एकंदरीत खऱ्याच्या भोवती. पोरं चिकू पुन्हा पुन्हा तोलून पाहू लागली. कुणी लबाडी केली नव्हती. हात आपोआप मोठ्या फळाकडे जातो. वाड्यांत प्रतवारीचं काम करणाऱ्या आया असलेली पोरं होती ती, चिकूची पारख त्यांना माझ्यापेक्षा जास्त. तरी फसली.

हाच खेळ शेतीत किती वर्षं चालला! पिकाची आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, त्यावरून नजरेने अंदाज बांधायचा. आज तिला पैसेवारी म्हणतात, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. नजर कुठे जाते? रस्त्याकडेच्या खाचरात, जिथे जीप थांबते. वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरईपर्यंत नजर पोचतच नाही. यावर उपाय काढणाऱ्यांत पुन्हा तेच सुखात्मे, आणि त्यांच्यासोबत वि. गो. पानसे. शेत चिठ्ठीने निवडा, त्या शेतातली जागाही चिठ्ठीने ठरवा, तेवढा तुकडा कापा, झोडा, तोला. पीककापणी प्रयोग म्हणतात तो हा. त्या दोघांचं शेती-संख्याशास्त्रावरचं पुस्तक १९५४ साली निघालं आणि शेतकी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर शिकल्या. चिठ्ठी कुणाची भीड धरत नाही. पाटलाचं शेत आणि खंडाने कसणाऱ्याचं शेत तिला सारखंच.

पण चिठ्ठी टाकायला आधी पूर्ण यादी लागते. यादीतच जो नाही त्याचं नाव चिठ्ठीत येणार कसं?

आपल्या तालुक्यांत हाच प्रश्न आहे. तलासरीत दहांपैकी नऊ माणसं आदिवासी, डहाणूत दहांपैकी सुमारे सात. भात झोडून झालं, दिवाळी आटोपली की वीटभट्टीचे ट्रक येतात. अख्खी कुटुंबं वसई, भिवंडीकडे निघून जातात, पोराबाळांसकट, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. तरणी माणसं खलाशी म्हणून वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर चढतात, पावसाळ्यातच घर बघतात. जानेवारीत कुणी सर्वेक्षणाला आला तर त्याला पाड्यावर कोण भेटतं? म्हातारी, लंगडा म्हातारा, आणि शाळेसाठी मागे ठेवलेली एखादी नात. तो प्रामाणिकपणे त्यांची नोंद करून जातो. त्याचा अहवाल म्हणतो, गावात काम मागणारे कमी. काम मागणारे भट्टीवर आहेत, बोटीवर आहेत!

बाहेरचा आकडा असा चुकतो. आपल्या लोकांचा स्वतःचा आकडा काय करू शकतो, हे सांगायला १९४५ सालची आठवण इथे काढतो. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक मागणी आकड्यात होती: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. वेठ बंद करा, ही मागणी होतीच. पण हा आकडा आला आणि सावकाराला 'बघू' म्हणून वेळ मारून नेता येईना. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. ज्यांच्या नावाने तलासरीचं महाविद्यालय आहे त्या गोदूताई परुळेकरांनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्या लोकांना लिहितावाचता येत नव्हतं, पण पाचशे पौंड म्हणजे काय आणि अडीच रुपये म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'पंधरा काय?' या गुरुजींच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं.

विद्यार्थी मित्रांनो, आता फक्त तुमच्याशी बोलतो.

२०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. भट्ट्या ऐन भरात असण्याचे दिवस. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. नंतरची जनगणना पुढे गेली. आता येणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. जिल्हा म्हणून आपली ही पहिली मोजणी, आणि पुन्हा ती भट्टीच्या आणि बोटीच्या हंगामात आली आहे. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो माणूस घरी नसेल तो इथे धरला जाणार नाही, जिथे असेल तिथे तो मोजला गेला पाहिजे. भट्टीवरच्या झोपडीत प्रगणक पोचला तर ठीक. नाही पोचला तर? आणि तो तेव्हा समुद्रात असला तर?

तुम्ही स्टॅट शिकता आहात. प्रत्येकाने आपल्या पाड्याची एक वही करा. ट्रक यायच्या आधी, दिवाळीतच, घरोघर जा. घरात किती माणसं, त्यातली कोण, कुठल्या महिन्यात, कुठे जातात, कधी परततात. कुणाच्या नजरेने निवडू नका, घर सोडू नका, कोपऱ्यातलं एकटं घरसुद्धा नाही. जाणाऱ्यांना सांगा की तिथे मोजायला कोणी आलं नाही तर भट्टीमालकाला विचारा, स्वतःहून नाव लिहून घ्यायला सांगा. ते पावसाच्या तोंडावर परतले की तीच वही घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जा आणि विचारा, तुम्हाला कुणी मोजलं का? हो आणि नाही, दोन रकाने. दोन्ही आकडे लिहायला रकाना कुठे आहे, असं त्या सेविकेने विचारलं होतं. हा रकाना तुम्ही आखा.

दाराजवळच्या टेबलावर मी शंभर पानी वह्या ठेवल्या आहेत. एका पाड्याला एक. एसटीला अजून वीस मिनिटं आहेत. जाताना पहिल्या पानावर आपल्या पाड्याचं नाव लिहा आणि वही घेऊन जा.